वायफायला सुतक

यशवंत मेस्तांनी एक दिवस ठरवलं, की आता कारखान्यात जायचं ते बसल्या जागेवरूनच.

तसं हे काही फार मोठं ठरवणं नव्हतं. पेडण्याहून हळर्णला जाताना रस्त्याला लागून त्यांचं घर, आणि घराच्या मागे उताराला कारखाना. कारखाना म्हणजे (नाव ऐकून कोणी फसू नये) चिऱ्यांच्या चार भिंती, वर पत्रे, आणि आत लाकडावर नक्षी कोरणारी एक मशीन. मध्ये चिऱ्याच्या पायऱ्या. तरुणपणी यशवंत त्या पायऱ्या उतरत, साठीनंतर त्या पायऱ्याच त्यांच्या गुडघ्यांवरून उतरू लागल्या. त्यात लाकडाचा भुसा. आत गेलं की खोकला, बाहेर आलं की गुडघा. माणसाने उभं तरी कुठे राहायचं?

मुलगा स्वप्नील वेर्ण्याला कंपनीत. तो सुट्टीत आला आणि त्याने घरापासून कारखान्यापर्यंत एक निळी वायर ओढली. मशीन चालते ती कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या हुकमावर. आता त्या कॉम्प्युटरचा पडदा जसाच्या तसा घरातल्या लॅपटॉपवर दिसू लागला. ओट्यावर खुर्चीत बसून बटण दाबावं, खाली मशीन सुरू.

"बाबा, ह्या इंटरनेट न्हय हां," स्वप्नीलने समजावलं. "ह्या घरातल्या घरात. आई चुलीकडसून तुका हाक मारता ना, तसा."

"आईन मारलेली हाक मी खंय आयकतंय?"

"तू नाय आयकणस. मशीन आयकतली."

आणि मशीनने खरंच ऐकलं. लग्नानंतर त्या घरात पहिल्या हाकेला ओ देणारं कोणीतरी आलं, असं त्यांची बायको वत्सला पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

शेजारचं घर बाबाजीचं. बाबाजी म्हणजे यशवंतांचा चुलतभाऊ, वयाने थोरला, आणि हाताने कोरणारा. पटाशी आणि हातोडी याखेरीज त्याने आयुष्यात तिसरं हत्यार मानलं नाही. मशीन आली त्या दिवसापासून त्याने कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. बोलायचं ते दोन घरांमधल्या दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या, पलीकडून.

"काय रे यशवंता, आज खंयच्या कदेलार बसून घाम गाळतंस?" (कदेल म्हणजे खुर्ची.)

"तुज्या हातातली आणि माज्या मशीनीतली फळी शेजारी ठेव. लोकांक फरक दाखव बघू."

"डोळसाक नाय दिसाचो. आंधळ्याक बोट फिरवूक सांग, तो सांगतलो."

एवढंच बोलणं. वर्षानुवर्षं तेच. पण ते रोज व्हायचं. एखाद्या दिवशी झालं नाही तर दोघांच्याही घशाखाली जेवण नीट उतरत नसे (हे दोघांनीही कधी कबूल केलं नाही).

त्यात गावच्या देवळातल्या पालखीची पुढची फळी वाळवीने खाल्ली. पालखीचं लाकूडकाम करायचा मान पिढ्यान्‌पिढ्या मेस्तांचा. देवळाच्या कमिटीवर आता परेश, मोबाइलमधून मान वर न काढणारा मुलगा. तो यशवंतांकडे आला, लॅपटॉपवर मोरांची जोडी गोल गोल फिरताना बघितली आणि तिथल्या तिथे म्हणाला, "काका, ह्याच जाय!" म्हणजे हेच हवं. बाबाजीला कोणी विचारलं नाही. यशवंतही काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी गडग्यापलीकडून नुसतं खोकल्याचं उत्तर आलं.

आणि पुढच्याच आठवड्यात बाबाजी दुपारी जेवून पडला, तो उठलाच नाही.

माणूस जातो तेव्हा घरात आधी गर्दी होते, मग शांतता होते, आणि मग व्यवहार येतो. परेश आला तो या तिसऱ्या पाळीत. गडग्याबाहेरच उभा राहिला.

"काका, वायट जाला. पण एक विचारचा होता. जत्रा तुमच्या सुतकातच येता."

"ठाऊक आसा."

"मगे फळी?"

सुतकात देवाच्या लाकडाला हात लावता येत नाही, हे लहान पोराला कळतं.

"साखळेचो विशाल फायबरची फळी फुकट दितलो म्हणता," परेश खाली बघत म्हणाला. "रंगवून. खाली तेच्या दुकानाचा नाव. कमिटीत चार जणांनी माना हलयल्यो."

फायबरची फळी एकदा चढली की मेस्तांचा मान उतरला. मान म्हणजे काही पैसा नव्हे. पालखी उठताना भटजी 'मेस्तांची सेवा' म्हणून एकदा मोठ्याने पुकारतात, बस. पण तेवढं पुकारणं यशवंतांच्या आजोबांनी ऐकलं होतं, वडिलांनी ऐकलं होतं. ते आपल्या हातून बंद होणार, आणि तेही बाबाजीच्या सुतकात, म्हणजे बाबाजीच्या नावावर! यशवंतांना ते सोसवेना. आणि सोसवेना झालं की त्यांच्या डोक्यात नको ते येत असे.

"परेश, मी हातच लावूक नाय तर?"

"म्हणजे?"

"मी हयसर कदेलार. फळी थंय कारखान्यात. लाकूड दुसऱ्या कुळातलो माणूस लावतलो. मी नुसतो बटन दाबतलंय. तो बटनय हयसरच. सुतक थंय जाता कसा?"

परेशने प्रथमच मोबाइल खिशात घातला. "ह्या देवाकच विचारूक जाय," तो म्हणाला.

आपल्याकडे अडलं की कौल लावतात. देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. यशवंत सुतकातले, म्हणून ते देवळापासून लांब, रस्त्याच्या कडेला माडाखाली उभे राहिले. आत बराच वेळ लागला. परेश घाम पुशीत बाहेर आला.

"वायर आसल्यार डावी. वायर नासल्यार उजवी."

"देवाक वायफाय ठाऊक आसा?"

"देवाक सगळा ठाऊक. भटजींक समजावूक वेळ लागलो. ते म्हणतत, वायर म्हणजे दोरी. दोरीचा एक टोक सुतकात आसला तर दुसरा टोकय सुतकात. हवेचा तसा नाय. हवा सगळ्यांचीच."

घरी येऊन हे सांगितल्यावर, सुतकासाठी रजा घेऊन आलेल्या स्वप्नीलने कपाळावर हात मारला.

"बाबा, वायरीन पक्का चलता. वायफाय मधीच सुटता. फणसाच्या झाडाआड गेला की संपला."

"देवान उजवी दिली, मरे."

"देव थोडोच नेटवर्क बघूक येता!"

पण आई-बाप दोघेही त्याच्याकडे अशा नजरेने बघायला लागले, की त्याने मुकाट्याने निळी वायर गुंडाळली, विहिरीच्या खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत एक डबी बांधली, आणि तिच्या आधाराने हवा कारखान्यापर्यंत पोचवली. दुसऱ्या दिवशी त्याची रजा संपली.

लाकूड लावायला शंभू तयार झाला. शंभू म्हणजे दोन घरं पलीकडचा, बसचा रिटायर कंडक्टर. कुळ वेगळं, त्यामुळे सुतकाचा प्रश्न नाही. फणसाची फळी त्याने मशीनच्या मेजावर ठेवली आणि फोन छातीकडच्या खिशात घालून मोठ्याने विचारलं, "आता?"

"जरा पुढे सरकव," ओट्यावरून यशवंत.

"सरकवलंय. जल्मभर माणसांक पुढे सरकवलंय, फळी म्हणजे काय! ती आयकता तरी."

"आता चारय कोपऱ्यांचे स्क्रू घट्ट कर."

"केले."

इथवर सगळं नीट झालं. इथवर नीट झालं की माणसाने जरा घाबरावं, पण यशवंतांना उलट धीर आला. खिशातल्या फोनमधून शंभूचा आवाज बदललेला ऐकू आला, सावकाश, भाविक. तो गाऱ्हाणं घालत होता, म्हणजे देवापुढे मोठ्याने विनवणी करत होता. देवाच्या कामाला हात घालायचा तर आधी गाऱ्हाणं हवंच. "बा देवा म्हाराजा, आज हो तुजो लेकरू सुतकात आसा, तरी तुजी सेवा चुकू नये म्हणून..." यशवंतांनी खुर्चीतच हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं. बाबाजी असता तर गाऱ्हाणं त्यानेच घातलं असतं, आणि मध्येच मशीनला दोन शिव्याही हासडल्या असत्या.

"जाला. चालू कर," शंभू म्हणाला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी यशवंतांच्या ध्यानातच आली नाही. गाऱ्हाणं म्हटलं की नारळ आला. शंभूने फळीवर मधोमध विड्याचं पान, त्यावर सुपारी आणि त्यावर शेंडीचा नारळ ठेवला होता. आणि गाऱ्हाण्याचा नारळ उचलायचा तो ज्याचं काम त्याने. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही, ही आपल्याकडची रीत. एरवी यशवंत गाऱ्हाणं संपलं की सवयीने नारळ उचलत, बाजूला ठेवत, आणि मग मशीन सुरू करत. ते 'नारळ उचलणं' म्हणून वेगळं काही काम आहे, हे त्यांना आयुष्यात कधी जाणवलंच नव्हतं. चष्मा काढून झोपतो, तसं. म्हणून त्यांनी ते शंभूला सांगितलं नाही. आणि शंभू विचारणार कशाला? यजमान ओट्यावर, नारळ मेजावर, देव साक्षीला. त्याच्या दृष्टीने सगळं जागच्या जागी होतं.

यशवंतांनी बटण दाबलं.

लॅपटॉपवर मोराच्या पिसाऱ्याची पहिली रेघ सुरेख उमटली. दुसरीही उमटली. मग मान उमटली. कॉम्प्युटरला जे सांगितलंय तेवढंच तो दाखवतो. मेजावर काय आहे ते त्याला काय ठाऊक? पडद्यावर मोर नाचत होता आणि खाली, गरगरणारं पातं नारळाकडे निघालं होतं.

मग खालून असा आवाज आला, की फणसावरचे कावळे उडाले.

"शंभू! काय जाला रे?"

खिशातल्या फोनमधून उत्तर आलं, "चुकला माकला तर सांबाळून घे म्हाराजा..."

यशवंतांना वाटलं, गाऱ्हाण्याचं शेपूट राहिलं असेल. ते थांबले. (देवाच्या बोलण्यात मध्ये तोंड घालू नये.) पण आवाज थांबेना. एकीकडे "लेकरांचो अपराध पोटात घाल", दुसरीकडे कर्र-कर्र. तेव्हा त्यांनी थांबवायचं बटण दाबलं. काही झालं नाही. पडद्यावरचा मोर एक पाय वर उचलून तसाच उभा, आणि मध्ये एक पांढरं चक्र गरगर फिरत होतं. हवा फणसाआड अडकली होती.

मग मात्र ते उठले. ज्या पायऱ्या चुकवण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याच पायऱ्या ते धोतर सावरत, आयुष्यात उतरले नव्हते इतक्या वेगाने उतरले. आणि कारखान्याच्या दारात आले तसे उंबऱ्याबाहेर खिळल्यासारखे थांबले. सुतक!

आत बघवत नव्हतं. नारळ फुटून पाणी फळीवर वाहत होतं, खोबऱ्याचे तुकडे भिंतीला चिकटले होते. पात्याला असा दणका बसला होता, की आपण कुठवर आलो होतो हेच मशीन विसरली होती. पण कोरणं काही ती विसरली नव्हती. मोर सोडून ती आता मधल्या कमळाच्या जागेवरून मान कोरत निघाली होती. आणि शंभू जमिनीवर पालथा, साष्टांग. देवाने नारळ नाकारला, अशी त्याची खात्री झाली होती.

"शंभू! तांबडो बटन दाब!"

"माजो हात उठणा नाय!"

"अरे, देव कोपूक नाय! नारळ मधी रवलो!"

"तोच तर कोप!"

दाराशी आंबे काढायची लांब काठी टेकून ठेवलेली होती. यशवंतांनी ती उचलली. उंबऱ्याबाहेरून तांबड्या बटणापर्यंत ती सहज पोचली असती. पण अर्ध्यावर त्यांचा हात अडला. काठी म्हणजे काय? वायर, की वायफाय? तिचं एक टोक सुतकातल्या माणसाच्या हातात. भटजी म्हणाले होते, दोरीचं एक टोक सुतकात तर दुसरंही. मग काठीचं? काठीसाठी कौल लावलेला नव्हता. ते काठी हवेत धरून असा विचार करत उभे राहिले, आणि तेवढ्या वेळात डाव्या मोराला दुसरी मान फुटली.

अचानक मशीन थांबली. ट्यूबलाइट गेली. सगळीकडे शांत.

पायऱ्यांच्या वर वत्सला उभी होती, पदराला हात पुसत.

"मेन स्विच खाली केलंय," ती म्हणाली. "इतको आवाज, म्हटला काय तरी जाला असतला."

यशवंत काठीसकट तिच्याकडे बघत राहिले. मेन स्विच ओट्यावर, त्यांच्या खुर्चीच्या पाठीमागे, हात लांबवला तर लागेल असा होता.

"आणि एक सांगा," वत्सलाने विचारलं. "कारखान्याक लायट खंयसून येता?"

"आपल्याच घरातसून."

"वायरीन?"

यशवंतांनी काठी खाली ठेवली. ही गोष्ट ना त्यांच्या ध्यानात आली होती, ना परेशच्या, ना भटजींच्या. देवाने मात्र बहुधा ओळखलं असावं.

ते पायरीवर बसले. फळी गेली. पुन्हा कोरायला लाकूड नाही, दिवस नाहीत, आणि आता तोंडही नाही. वाकड्या मोराची मान हाताने सावरून, कमळ नव्याने उभं करणारा पेडणे तालुक्यात एकच माणूस होता, आणि त्याचंच हे सुतक. यशवंतांनी गडग्याकडे मान वळवली. सवयच ती. आता तिकडून आवाज येईल, 'काय रे यशवंता, मोराक दोन माना? अंडी घालतलो मरे दोनय तोंडांनी!' असलं काहीतरी येणार, म्हणून ते वाट बघत राहिले.

काही आलं नाही.

बाबाजी गेला त्या दिवशी ते रडले होते, पण ते सगळ्यांबरोबर. आता पायरीवर बसून ते एकटे रडले. वत्सला त्यांच्या शेजारी बसली.

बऱ्याच वेळाने शंभू कपडे झटकत बाहेर आला आणि त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

"यशवंता, एक सांगूचा होता. बाबाजीन आण घातलेली, म्हणून गप होतंय."

"काय?"

"फळी आसा. माज्या घराक, माळ्यार. बाबाजीन कोरलली."

शंभू सांगत होता ते असं, की परेश मोर बघून गेला त्याच रात्री बाबाजीने आपल्या दारचं जुनं फणसाचं लाकूड काढलं. कोरून झाल्यावर फळी शंभूच्या माळ्यावर चुलीच्या धुराला ठेवली. 'यशवंताची फळी होवंदे,' म्हणाला. 'मगे दोनय शेजारी ठेवया. लोकांकच सांगूंदे.'

"माका वाटला, तुजी होतली, मगे काढीन," शंभू म्हणाला. "आता तुजी जावची नाय."

बाबाजीच्या बायकोला, देवकीला, विचारायला यशवंत गेले. सुतकातल्या घरातून सुतकातल्या घरात, त्याला आडकाठी नव्हती. ती कोपऱ्यात बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जित्तो होतो तेन्ना कोरली, दुसऱ्याच्या घराक ठेवली. तिका कसला सुतक? न्हेया."

शंभूने फळी आणून दुरून दाखवली. दोन मोर, मध्ये कमळ. लाकडाला जिथे गाठ होती तिथे एका मोराने मान जराशी वाकवली होती, जणू शेजारच्याचं काहीतरी ऐकतोय. यशवंतांना बोट फिरवून बघायची गरजच पडली नाही.

परेशला त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं. फळी बाबाजीची. हाताने केलेली. परेश मांडवाच्या गडबडीत होता. "होय काका, होय काका, पोचली," म्हणाला.

जत्रेच्या दिवशी मेस्तांच्या दोन्ही घरांत चूल तेवढी पेटली. ढोलाचा आवाज आला तेव्हा यशवंत देवकीच्या ओट्यावर बसले होते. पालखी उठल्याचं त्यांना आवाजावरून कळलं. भटजींनी पुकारलं असणार. एवढ्या लांबून ते ऐकू येत नाही, पण दोघंही कान देऊन बसले होते.

थोड्या वेळाने फोन वाजला. परेश.

"काका! लोक नुसते बघत रवले! सगळे म्हणतत, मशीनीचा काम म्हणजे काय सफाई! हाताक ह्या जमाचा नाय!"

"अरे, ती हाताचीच! बाबाजीची!"

"काका, तुमचो सभाव मोठो. सुतकात भावाक मान दितत. पण लोकांक कळता. चार जणांनी तुमचो नंबर घेतलो, तसलीच मशीनीची जाय म्हणून."

"परेश, आयक माजा..."

पण ढोल जवळ आले आणि फोन बंद झाला.

यशवंत फोन हातात धरून बसून राहिले. इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी ते गडग्याअलीकडून भांडले, ते अखेर सगळ्या गावाने एकमुखाने म्हटलं होतं. देवकीकडे बघायचा त्यांना धीर होईना.

"वयनी, आयकलां?"

"आयकला." तिने पदर सावरला. ढोलाच्या दिशेला एकदा बघितलं. मग म्हणाली, "बरा जाला भावजी, तो आदीच गेलो. ह्या आयकून गेलो असतो, तर तेका मारल्याचा नावय तुमच्या मशीनीकच गेला असता."